चपट्या दगडाजवळची काठी

१४ ऑगस्ट

रोरी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता डोरीनकडून लिहून घेतला. मर्व्ह काकांची डोरीन. तिचं अक्षर बँकेच्या पत्रासारखं दिसतं. फसला असशील तर आता पुढचंही वाच.

आई आजारी आहे. फुफ्फुसात पाणी होतं, काढतात, पुन्हा होतं. डॉक्टरीणबाई अगदी तरुण आहे, मी शाळेच्या बसमधून तिच्याएवढ्या मुली रोज नेते-आणते असं वाटतं. ती महिने म्हणत नाही, आठवडे म्हणते. आईचा तोरा मात्र तसाच आहे. काल नर्सला म्हणाली, "हा चहा आहे की चहा ओतून टाकल्यावर राहिलेलं पाणी?" आणि माझ्याकडे वळून, "टोमॅटोची रोपं नोव्हेंबरातल्या कपच्या घोडेशर्यतीआधी जमिनीत घालू नकोस. थंडीनं जातील. तुला घाई फार असते."

तुझं नाव ती घेत नाही. पण रोज संध्याकाळी सहाच्या बातम्या लागल्या की विचारते, "पश्चिमेला आत्ता किती वाजले असतील?" मी म्हणते, चार. ती म्हणते, "म्हणजे पाळी सुटायची आहे अजून." एवढंच. तुझ्या खाणीतल्या पाळीच्या वेळा तिला कुठून कळल्या, मला माहीत नाही.

ये रे. विमानाने आलास तर मी शहरात घ्यायला येईन. वाटेत चार तास तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही, रेडिओ लावू. मागचं काही काढायला नको. अकरा वर्षं झाली आता.

— मेरिल


२ सप्टेंबर

रोरी,

उत्तर नाही. चालेल. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं, असं मी धरून चालले आहे.

आई आता बहुतेक वेळ झोपते. जागी असली की नदीवरच्या त्या शेवटच्या वीकएंडबद्दल बोलते. शेवटाबद्दल नाही, सुरुवातीबद्दल. आज मला म्हणाली, "खुंट्या ठोकायला घेतल्या आणि पाऊस सुरू झाला, आठवतं?" न आठवायला काय झालं. शनिवार होता. अर्धं गाव तंबू घेऊन बाहेर पडलं होतं आणि त्यातलं अर्धं वाटेतूनच परत फिरलं होतं. मर्व्ह काकांच्या घरचं लग्न होतं, म्हणून त्या साली आपण चौघंच. आणि बाबा त्या टोपीच्या कडेवरून पाणी गळत असताना म्हणत होते, "आकाश उघडतंय बघा." तू म्हणालास, "उघडतंय म्हणूनच ओतलं जातंय." आई इतकी हसली की तिच्या हातातली ताडपत्रीची दोरी सुटली आणि सगळं पाणी तुझ्या डोक्यावर.

मग बाबांनी काठी रोवली. दर वर्षी रोवायचे तशीच, त्या चपट्या दगडाशेजारी, पाण्यापासून दोन हातांवर. मला आज बसमधून उतरताना एका पोरीने विचारलं, काठी कशाला रोवायची? तिच्या वर्गाला नदीकाठी नेणार आहेत. मी सांगितलं, नदी चढतेय की नाही हे डोळ्यांना कळत नाही बाई, काठीला कळतं. काठीचा पाय भिजला की गाशा गुंडाळायचा. सॉसेज अर्धी भाजलेली असली तरी, झोप लागलेली असली तरी. आपल्या त्या जागेला तर बाहेर पडायला एकच वाट, ती उताराची, उथळ पाण्यातल्या दगडांवरून गाडी घालायची. मागे नदीचाच जुना फाटा, पुढे नदी. नदी वर आली की आपण बशीत अडकल्यासारखे.

आणि दुसरा नियम. ज्याची पाळी, त्याचा शब्द. तो जाऊन बघून येणार, आणि तो जे सांगेल ते बाकीच्यांनी ऐकायचं. पाठोपाठ दुसऱ्याने तपासायला जायचं नाही. बाबा म्हणायचे, दोघं बघायला लागले की दोघंही नीट बघत नाहीत.

रविवार. मला आयुष्यात पुन्हा तसा रविवार मिळाला नाही, रोरी. ग्रँट मला सोडून गेल्याला सात महिने झाले होते. मी सात महिने हसले नव्हते, हे तुला कळलं होतं आणि तू ते बोलून न दाखवता दिवसभर माकडचेष्टा केल्यास. बाबा गाडी चिखलातून काढतात त्याची नक्कल केलीस, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत. पायाला जळू लागली तर "मीठ नको, तिला मेरिलचा केक द्या" म्हणालास. राखेतला पाव खालून कोळसा आणि वरून कणीक, तरी आपण सिरप ओतून संपवला. मग बाबांच्या टोपीत घोड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एकेकाने उचलल्या, मंगळवारच्या शर्यतीसाठी. आईला तो म्हातारा घोडा आला, सगळ्यांत शेवटी धावणारा. ती म्हणाली, "माझ्या नशिबात असलेच." बाबा म्हणाले, "तरी लग्न केलंसच ना?"

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले आणि चहाचं डबडं भरायला नदीवर गेले.

पुढचं तुला माहीतच आहे. आज इथेच थांबते. ये.

— मेरिल


२७ सप्टेंबर

रोरी,

डोरीनने तुला फोनवर कळवलं, मी तिथेच उभी होते. तू "बरं" म्हणालास तेही मला ऐकू आलं. मग पाच दिवसांनी फुलं आली. पिवळी वॅटलची, कागदात गुंडाळलेली, वर फक्त "आईला". फुलं छान होती. माझ्या मनात आलं ते लिहू का? मला ती उचलून रस्त्यावर फेकावीशी वाटली. फुलं पाठवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस पोचला असता.

मग चर्चमध्ये शवपेटी उचलायची वेळ आली आणि माझा राग मला गिळावा लागला. बाबांच्या वेळचं आठवलं. तू सूट घालून पुढे झालास, पेटीच्या कडीला हात घातलास, आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "तू नाही. तू हात लावायचा नाहीस." तुझ्या जागी मर्व्ह काका उभे राहिले. तू हात खिशात घातलेस, आणि कबरीपर्यंत काढले नाहीस. संध्याकाळी तुझी गाडी गेली होती. कुठल्या तोंडाने तू पुन्हा त्या दारात यायचंस?

त्या दिवशी मी दोन पावलांवर उभी होते. मी मूग गिळून उभी राहिले.

आईचं दहन झालं. तिची इच्छा होती की राख नदीवर सोडावी, कपच्या सुट्टीत, आपल्या जागी. मर्व्ह काकांनी सगळ्यांना कळवलंय.

आणखी एक सांगायचं आहे. शेवटच्या रविवारी ती चांगली जागी होती. खिडकीबाहेर मॅगपाय पक्षी ओरडत होता आणि ती मला म्हणाली, "मेर, त्या सोमवारबद्दल तुला काही बोलायचं आहे का? गेली कित्येक वर्षं तू काहीतरी बोलणार असल्यासारखी दिसतेस." अगदी असं विचारलं. मी म्हणाले, नाही गं. उशी नीट केली. तिला पाणी दिलं. बुधवारी ती गेली.

हे मी का लिहिलं, ते पुढच्या पत्रात लिहीन. लिहीन का, माहीत नाही.

— मेरिल


११ ऑक्टोबर

रोरी,

आईच्या कपाटात बिस्किटांचा तो निळा डबा आहे ना, ज्यात बटणं असायची. बटणं नाहीत आता. तुझी पत्रं आहेत. चार. तुला लिहायचं झालं तर आईला लिहायचंस आणि मला कळू द्यायचं नाही, आणि तिनेही कळू दिलं नाही. पहिली तीन मी परत ठेवली, वाचली नाहीत. चौथ्या पाकिटावर आईच्या अक्षरात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते, म्हणून उघडलं.

दोन वर्षांपूर्वीचं पत्र. तुझंच आहे, पण तुला आठवण करून देते. तू लिहिलंस: "आई, मी नऊ वर्षं म्हणत आलो की मी काठी पाहिली होती. आता मला स्वतःलाच खात्री वाटत नाही. डोळे मिटले की काठी दिसते, कोरडी दिसते, पण कदाचित मीच ती तशी बनवली असेल. कदाचित मी लांबूनच पाहिलं. कदाचित गेलोच नाही. रात्री बियर झाली होती. तू म्हणतेस तेच खरं असणार. मला माफ कर."

पाकिटावर आईने लिहिलं होतं: माफ केलं.

तिने तुला तसं कळवलं का, मला माहीत नाही. मी डबा मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. किती वेळ ते सांगता येत नाही, पण शाळेची बस काढायची राहिली आणि मुलं थांब्यावर उभी राहिली, त्यांच्या आयांचे फोन आले.

रोरी, आता नीट वाच.

तू गेला होतास. तू काठी पाहिलीस. काठी कोरडी होती.

कोरडी होती, कारण मी ती हलवली होती.

सोमवारी मी चहाचं डबडं भरायला गेले तेव्हा काठीचा पाय पाण्यात होता. दोन बोटं. चपट्या दगडाची कडही भिजली होती. बाबांना हाक मारायची, एवढंच करायचं होतं. अर्ध्या तासात आपण उताराच्या पलीकडे असतो, गॅरेजपाशी गरम मटण पॅटिस खात, ओले कपडे, बडबडत. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या मनात आलं की आज घरी गेलो तर त्या रिकाम्या घरात मला आजच जावं लागेल. आणखी एक दिवस. शर्यत रेडिओवर ऐकायची, आईचा म्हातारा घोडा, आणि मग जायचं. दोन बोटं पाणी म्हणजे काय.

मी काठी उपटली आणि काठ चढून तीन पावलं वर, नेच्यांच्या झुडपापाशी रोवली. जुनं भोक बुटाने बुजवलं. मी शीळ घालत परत आले, हेही सांगते, सगळंच सांगायचं तर.

नाश्त्याला बाबांनी विचारलं, "आज काठी कोणाची?" तू म्हणालास, "माझी, माझी, उठतोय." तू बूट चढवून गेलास. मी तुला झुडपाकडे जाताना पाहिलं. तू वाकून काठीच्या बुडाला हात लावलास, रोरी. हात लावून पाहिलंस. आणि येऊन म्हणालास, "कोरडी आहे. खडखडीत." बाबांनी मान डोलावली. ज्याची पाळी, त्याचा शब्द. पाऊस चालू होता, चपटा दगड तोवर पाण्याखाली गेला होता आणि जागा तुला ओळखू आली नाही, त्यात तुझी चूक नाही. काठी रोवली तेव्हा तू तंबूच्या पलीकडे ओला होऊन शिव्या देत होतास.

मला अकरा वाजता बोलता आलं असतं. बारा वाजता. आपण पत्ते खेळत होतो. मी दर डावाला ठरवत होते, या डावानंतर.

दोन वाजता पाण्याच्या लोंढ्याचा तो आवाज आला. पुढचं तू पाहिलंस. पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस, कारण तू तंबू ओढत होतास. बाबांना उतार पायी चाचपायला काठी हवी होती. गाडी घालायच्या आधी ते नेहमी पायी जात. ते ती काठी उपटायला गेले. तोवर ती गुडघाभर पाण्यात होती. त्यांनी ती धरली आणि थांबले. नेच्यांकडे पाहिलं. खाली जिथे चपटा दगड असायला हवा तिकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एवढंच. त्यांनी ओळखलं. मी त्यांची मुलगी आहे, मला कळलं की त्यांना कळलं. ते म्हणाले, "मेरिल, आईला गाडीत बसव." आवाज रोजचाच होता. आणि ती काठी घेऊन ते पाण्यात उतरले.

मी आईला गाडीत बसवलं.

काठीही त्यांच्याबरोबर वाहून गेली. ती कुठे रोवली होती हे सांगायला नंतर कोणी उरलं नाही, माझ्याशिवाय. पोलिसांनी विचारलं, नजर ठेवायचं काम कोणाचं होतं. आई म्हणाली, रोरीचं. तू म्हणालास, मी पाहिली होती. आई म्हणाली, खोटं बोलू नकोस. सगळं खापर तुझ्यावर फुटत होतं आणि मला वाटत होतं, आज नाही, आई आज मरेल हे ऐकून. मग दफन झालं. मग तू गेलास. मग दर वर्षी ते अधिक अवघड होत गेलं, आणि खरं सांगायचं तर सोपंही.

मर्व्ह काका पबमध्ये अजून सांगतात: पोरगा तंबूमागे गेला, लघवी केली, आणि येऊन म्हणाला कोरडी आहे. लोक हसतात. मी तिथे बसून लिंबूपाणी प्यायले आहे.

आईने तुला जे माफ केलं ते तू केलंच नव्हतंस. माझ्यासाठी तिच्याकडे माफी होती की नाही, हे मी विचारलंच नाही. तिने स्वतः दार उघडून दिलं तरी विचारलं नाही.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. तेवढं तोंड मला नाही. फक्त तुझं जे आहे ते तुला परत देते. तू पाहिलं होतंस. तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेव.

— मेरिल


६ नोव्हेंबर, सोमवार, नदीवरून

रोरी,

ताडपत्रीखाली बसून लिहिते आहे, कागदावर थेंब पडले आहेत ते पावसाचे आहेत. शनिवारपासून थांबला नाही. नेहमीची अकरा-बारा माणसं आली आहेत. पोलीस ठाण्यात मी गेल्या आठवड्यात जाऊन आले, लिहून दिलं. तिथल्या माणसाचं तेव्हा शाळेत जायचं वय असेल. त्याने दोनदा विचारलं, "म्हणजे तुमच्या भावाने खरं सांगितलं होतं?" मी दोनदा हो म्हणाले.

इथे काल दुपारी सांगितलं. चहा झाला होता, डोरीन फळांचा केक कापत होती. मी म्हणाले, "मर्व्ह काका, रोरीबद्दल तुम्ही पबमध्ये जे सांगता ते खोटं आहे."

"कुठलं गं?" ते म्हणाले. "मी बरंच खोटं सांगतो."

दोन-चार जण हसले. मग मी सांगितलं. काठी, नेच्यांचं झुडूप, पत्ते, बाबांनी पाहिलं ते. उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर उठता आलं नसतं.

डोरीन म्हणाली, "तुझ्या आईला कळलं होतं का हे?"

"नाही."

"अगं मेरिल," ती म्हणाली. एवढंच. सुरी खाली ठेवली, आणि पुन्हा उचलली नाही.

मर्व्ह काका उठून पावसात गेले. टोपीशिवाय. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, आम्हाला वाटलं पडतील कुठेतरी. बऱ्याच वेळाने आले, भिजून चिंब, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बापाच्या, लेसच्या, पेटीला त्या पोराच्या जागी मी खांदा दिला. त्याचा हात कडीवरून मी काढला, आपल्या या हाताने." मग म्हणाले, "फोन लाव त्याला."

"इथे फोन लागत नाही, काका."

"मग लिही. लिही की मर्व्ह म्हणतो..." आणि पुढे त्यांना काही म्हणता आलं नाही. ते अजूनही आलेलं नाही. सकाळी पुन्हा माझ्याजवळ आले, उभे राहिले आणि गेले. तेवढंच लिहिते.

माझ्याशी काही जण बोलत नाहीत. बरोबरच आहे. काठीच्या पाळ्या लावल्या तेव्हा माझं नाव कोणी घेतलं नाही, मीही सुचवलं नाही. काठी मर्व्ह काकांनीच रोवली, चपट्या दगडाशेजारी. दगड अजून तिथेच आहे.

आईची राख आज सोडायची होती. डोरीन म्हणाली, "नको. एका मुलाला एकदा हात लावू दिला नाही, पुन्हा तेच करायचं का?" कोणी वाद घातला नाही. बरणी बंद आहे. तू येशील तेव्हा तू उघडशील. पुढच्या वर्षी, किंवा त्याच्या पुढच्या. तू म्हणालास तर मी त्या दिवशी इथे नसेन.

आत्ता मर्व्ह काका काठ चढून आले. "काठी भिजली," म्हणाले. एक बोट, फार तर. शर्यत उद्या आहे, भांड्यात रस्सा अर्धा शिजलाय. कोणी काही विचारलं नाही, कोणी जाऊन बघितलं नाही. सगळे उठले आहेत, खुंट्या निघताहेत, रस्सा ओतून दिला. मला कागद आवरायला सांगताहेत.

आम्ही निघतो आहोत, रोरी. वेळेवर. बरणी माझ्या मांडीवर आहे.

— मेरिल